पंचफुलाबाईचं हलकं छप्पर

पंचफुलाबाईशी वाद घालायला जायचं तर पोटभर जेवून जावं, असं तिच्या गावात म्हणत. कारण वाद लवकर संपत नसे, आणि संपला की हरलेल्या माणसाला जेवणाची वासना राहत नसे. गाव तळेगाव (श्यामजी पंत) पासून पायी जाण्याइतकं जवळ. बाई चाळिशी ओलांडलेली, उंच, सावळी, मान कायम ताठ. मान ताठ राहणारच म्हणा, लहानपणापासून डोक्यावर मातीचं टोपलं वाहिलेलं. गाव तिला मुकादमीण म्हणायचं. ही पदवी तिला कोणी दिली नव्हती, तिनं स्वतःच घेतली होती, आणि परत मागायची कोणाची छाती झाली नाही.

तिचं काम धाब्याचं. धाब्याचं घर ज्यांनी पाहिलं नसेल त्यांना सांगायला हवं. मातीच्या जाड भिंती, सागाचे खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर बांबूच्या कामट्या, कामट्यांवर पळसाची पानं, आणि त्याच्यावर माती. साधी माती नाही, जुन्या गढीच्या टेकाडाची पांढरी माती. ती पाणी झिरपू देत नाही. टोपल्यांनी वर न्यायची, पसरायची, चोपायची. दरवर्षी वैशाखात त्याच्यावर नवा थर घालायचा.

आता गंमत अशी, की नवा थर घालायचा, पण जुना काढायचा नाही. बापानं घातलेली माती लेकानं उतरवली तर घराण्याला उतरती कळा लागते, अशी गावाची पक्की समजूत. मग काय, आजाची माती, तिच्यावर बापाची, तिच्यावर लेकाची! धाबं दरवर्षी वाढतच जायचं, आणि ज्याचं धाबं जाड त्याचं घराणं मोठं. सोयरीक जुळवायला आलेले पाहुणे पोरगा नंतर बघत, आधी अंगणात उभं राहून धाब्याची कड बघत. महादेवराव पाटलांचं धाबं तर उभ्या माणसाच्या मांडीला लागेल एवढं जाड झालेलं. पाटील मिशीवर हात फिरवून म्हणत, "आमच्या धाब्यावर बैलजोडी चढवा, हूं की चूं होनार नाई."

ही सगळी माती पंचफुलाबाईच्या माणसांनी वाहिलेली. तिच्या आईनं, आजीनं, आणि मग तिनं. शिडी बाहेरून लावायची, बाहेरूनच चढायचं, बाहेरूनच उतरायचं. घरात पाऊल टाकायची सोय नव्हती. गावातलं एकूणएक धाबं तिला वरून पाठ होतं, खालून एकही तिनं पाहिलं नव्हतं. आणि हे तिला सलायचं. फार सलायचं.

तिचं स्वतःचं घर कुडाचं. बांबूचा सांगाडा, तुराट्यांच्या विणलेल्या भिंती, वरून शेणमातीचा लेप आणि डोक्यावर कवेलू, म्हणजे कौलं. वारा सुटला की घर करकरायचं. नवरा रामाजी त्यात सुखी होता. "हवा येते मस्त," म्हणायचा. ती फणकारायची, "हवा येते म्हने! हवा खाऊन इज्जत भेटते का माणसाले?"

छप्पन साली वस्तीतली माणसं नागपूरला गेली आणि दीक्षा घेऊन आली. पंचफुलाबाई पांढरं लुगडं नेसून गेली होती, परत आली ती आणखी ताठ होऊन. फुकटाची गावकी बंद झाली. मातीचं टोपलं उचलायचं तर मजुरी ठरवून, नाही तर नाही. आणि पहिल्याच बैठकीत ठरलं की वस्तीत विहार बांधायचा. प्रेमदास मास्तर म्हणून वस्तीतलाच मॅट्रिक झालेला तरुण होता, तो रविवारी निंबाखाली पोट्ट्यांना शिकवायचा. त्याची शाळाही विहारातच भरावी असं ठरलं.

"बांधाचं तर धाब्याचं," पंचफुलाबाई उभी राहून म्हणाली. "अन् पाटलाच्या धाब्याहून चार बोटं जाड! आजवर दुसऱ्याचं धाबं घातलं, आता आपलं घालू. अन् मधात खांब नको. समदे बसले म्हंजे एकमेकायले दिसले पायजे."

लोक खूश झाले. बाबाराव तर टाळ्याच पिटू लागले. बाबाराव म्हणजे वस्तीतले वडीलधारे, देहानं भक्कम आणि तोंडानं त्याहून भक्कम. भिंती घालणारा कवडू मिस्त्री तेवढा डोकं खाजवत म्हणाला, "मधात खांब नाई तं तुळई नुसती भिंतीवरच ठेवा लागन. मातीची भिंत ओझं उचलते, पन..."

"पन काय?"

पंचफुलाबाईची नजर पाहून कवडू म्हणाला, "काई नाई." शहाणा माणूस होता बिचारा, जेवून आला नव्हता.

पावसाळ्याआधी भिंती उभ्या राहिल्या. पांढऱ्या मातीचा मोठा ढीग आणला, तो आणि भिंतींचे माथे तुराट्यांनी झाकून ठेवले. पाऊस सरला की धाबं घालायचं आणि दसऱ्याला विहार उघडायचा. पंचफुलाबाई रोज येता-जाता त्या ढिगाला वळसा घालून जायची. एवढा आनंद तिला स्वतःच्या लग्नातही झाला नव्हता, हे ती रामाजीसमोरच सांगायची.

मग भादव्यात ते झालं.

पाटलांचं धाबं गळत होतं. महादेवरावांनी निरोप धाडला. हुकूम नाही, निरोप. म्हणून पंचफुलाबाई गेली. महिनाभराच्या पावसानं धाबं पाणी पिऊन तट्ट झालेलं. दुपारची वेळ. ती एका कोपऱ्यात वाकून भेग चोपत होती, तोच पायाखालून घरघर आली. आधी तिला वाटलं, रस्त्यानं भरलेली मालमोटार चालली असेल. मग बैल ओरडले. मग धाबं हाललं.

ती वर होती म्हणून तिला कळलं. खालच्या माणसाला नुसतं घर हाललं एवढंच समजलं असतं. तिला पायाच्या तळव्यांना स्पष्ट जाणवलं, की भिंती एकीकडे चालल्यात आणि धाबं दुसरीकडे. भिंत परत यायची तेव्हा धाबं अजून तिकडेच. एवढं जड ओझं, एकदा निघालं की थांबतंय कशाला! दोन हेलकावे, तीन हेलकावे, आणि पलीकडचा कोपरा धाडकन खाली बसला. घरातून बाईमाणसाची किंकाळी आली.

"अवं माय!" म्हणून पंचफुलाबाई शिडीवरून जवळजवळ पडतच खाली आली आणि थेट घरात घुसली. अंगण, ओटी, माजघर. कोणी अडवलं नाही, अडवायला कोणी शुद्धीवर नव्हतं. माजघरात धूळ भरलेली. पाटलांची बायको आनंदाबाई कमरेपर्यंत मातीत. पंचफुलाबाईनं हातांनी माती उपसायला सुरुवात केली. ओली, जड, तिनंच वर्षानुवर्षं वर नेऊन चोपलेली माती. एकेक ढेकूळ निघता निघेना. उपसता उपसता ती मोठ्यानं शिव्या घालत होती. पाटलाला नाही, मातीला.

आनंदाबाईचा पाय मोडला, पण बाई जगली. तिनं पंचफुलाबाईचा हात जो धरला तो बाजेवर निजवल्यावरही सोडला नाही. पाटील दारात उभे होते. त्या वेळी पंचफुलाबाईनं मान वर करून धाबं पहिल्यांदा खालून पाहिलं.

ओटीकडच्या बाजूला सागाचे खांब जागेवर होते. तिथं भिंत उभी फाटली होती, हात जाईल एवढी, पण तुळई खांबांच्या डोक्यावर घट्ट बसलेली, आणि धाबं जसंच्या तसं. पडलं ते दुसऱ्या बाजूनं. तिथले खांब पाटलांच्या वडिलांनी काढून टाकले होते, धान्याच्या कणग्यांना जागा हवी म्हणून. तुळईचं टोक नुसतं मातीच्या भिंतीवर टेकवलेलं. भिंत बाजूला सरली, टोक निसटलं, आणि तीन पिढ्यांची माती खाली आली.

मधात खांब नको! तिला स्वतःचेच शब्द ऐकू आले.

ती वस्तीकडे धावत सुटली. रामाजी घराबाहेर दगडावर बसून बिडी ओढत होता. "घर डोललं," तो म्हणाला, "पाळन्यावानी डोललं अन् थांबलं. दोन कवेलू फुटले. तू काऊन एवढी मातीनं भरली?" वस्तीत एकही कुडाचं घर पडलं नव्हतं. भांडी पडली, एक बकरी सुटून पळाली, एवढंच. पंचफुलाबाई आपल्या त्या करकरणाऱ्या घराकडे बघत उभी राहिली. जन्मभर तिनं या घराची लाज बाळगली होती. मग ती विहाराच्या भिंतींकडे गेली, मातीच्या ढिगाकडे पाहिलं, आणि तिला भीती वाटली. आपण हट्टानं काय बांधायला निघालो होतो? रविवारी सकाळी याच्याखाली वस्तीतली सगळी लेकरं बसणार होती.

दुसऱ्या दिवशी तिनं बैठक बोलावली आणि सरळ सांगून टाकलं, "धाबं घालाचं नाई. कवेलू टाकू. अन् मधात खांब पायजे."

लोक आधी हसले. त्यांना वाटलं, बाई मस्करी करतेय. ती हसेना तेव्हा गलका झाला. बाबाराव उठले. "अवं, तूच म्हनत होती ना, पाटलाहून चार बोटं जाड! समद्या गावाले सांगून बसलो आपन. आता कवेलू टाकले तं लोक काय म्हनतीन? म्हनतीन, यायची लायकीच कुडाची. अन् मधात खांब! विहार बांधून राह्यलो का गोठा?"

"लोक म्हनतीन ते म्हनतीन."

"वा! पाटलाच्या घरात पाय काय पडला, एका दिवसात पाटलाची झाली का तू?" बाबाराव म्हणाले. "त्यायलेच पायजे असंन, का आपलं धाबं होऊ नये."

ही गोष्ट बाबारावांनी बोलायला नको होती, आणि त्यांनाही ते लगेच कळलं. पण शब्द गेला होता. पंचफुलाबाईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. जन्मभर ज्या घराच्या उंबऱ्याबाहेर उभं ठेवलं, त्या घराची म्हणून तिला हिणवलं होतं, तेही आपल्याच माणसानं. दुसरी कोणी असती तर उठून गेली असती. तिनं पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, "बाबारावजी, उठा. इकडे या. अन् प्रेमदास, तूही ये."

तिनं ढिगातली ओली माती टोपल्यात भरली, शिगोशिग. चुंबळ ठेवून टोपलं बाबारावांच्या डोक्यावर चढवलं. प्रेमदास मास्तर काडीपैलवान, त्याच्या डोक्यावर एक रिकामं सूप ठेवलं. "पाय हलवाचे नाई," तिनं दोघांना बजावलं. मग मास्तराच्या खांद्याला एक धक्का दिला. मास्तर झुलला, सावरला, सूपही पडलं नाही. मग तिनं बाबारावांच्या खांद्याला तेवढाच धक्का दिला. बाबाराव एकीकडे, टोपलं दुसरीकडे, आणि मधे नुसती माती! बाया पदरात तोंड लपवून हसू लागल्या. हसण्याची लाट पार निंबापर्यंत गेली.

"मास्तराहून तुम्ही भक्कम ना?" पंचफुलाबाई म्हणाली. "मंग पडले काऊन? डोक्यावर वझं होतं म्हनून पडले. आता पुन्हा उभे राहा."

बाबाराव चिडले होते, पण माघार घेणारा माणूस नव्हे. पुन्हा टोपलं चढलं. या वेळी तिनं रामाजीला आणि कवडूला बाबारावांच्या दोन्ही बाजूंना उभं केलं, त्यांच्या दंडांना घट्ट धरायला लावलं, आणि धक्का दिला. तिघं मिळून हालले आणि तिघं मिळून थांबले.

"हे दोघं म्हंजे खांब," ती म्हणाली. "धरून ठेवते तो खांब. नुसता टेकून उभा असते तो नाई." मग ती सगळ्यांकडे वळली. हसणं थांबलं होतं. "मी बी तुमच्यावानीच बह्याड होती. मलेच धाबं पायजे होतं, तुमच्या समद्यायहून जास्त. पाटलाचं मोठेपन मी जन्मभर डोक्यावर वाह्यलं, अन् मले वाटलं, आपल्यालेही तेच पायजे. कालच्या दिवशी तेच मोठेपन मी आनंदाबाईच्या आंगावरून हातानं उपसलं. ते मी लेकरायच्या डोक्यावर ठेवनार नाई. तुम्हाले ठेवाचं असंन तं ठेवा, पन माह्या टोळीतली एकही बाई टोपलं उचलनार नाई, सांगून ठेवतो."

बाबाराव अंगावरची माती झटकत होते. बराच वेळ झटकत होते. शेवटी म्हणाले, "खांबायले लाकूड लागन. माह्या वावराच्या धुऱ्यावर दोन बाभळी आहेत. तोडून न्या."

"बाबारावजी..."

"आता रडू नको बाई, काम सांग."

कामाला मग ती अशी भिडली की कवडू मिस्त्रीला पळता भुई थोडी झाली. खांब नुसते उभे करू नको, खोल गाड. तुळई खांबाच्या डोक्यावर नुसती ठेवू नको, खाच पाड, खुटी मार, वरून दोरानं आवळ. कोपऱ्यात तिरप्या दांड्या ठोक. कवडू आता मोकळेपणानं बोलू लागला होता. त्यानंच सुचवलं, की उभ्या भिंतींची उंची थोडी उतरवू, आणि कोपऱ्याजवळचं दार बुजवून मधे काढू, दारानं कोपरा कमजोर होतो. ती म्हणाली, "हे तवाच काऊन नाई सांगतलं?" तो म्हणाला, "तवा तू ऐकनार होती का?" यावर ती टोपलं उचलून चालती झाली. अशी वेळ तिच्यावर क्वचितच येई.

पांढऱ्या मातीचा ढीग भिंती लिंपायला वापरला. दसऱ्याला विहार उघडला. बसकं, हलकं, लाल कवेलूंचं छप्पर, मधे आणि भिंतींच्या कडेनं बाभळीचे खांब. पलीकडच्या गावची माणसं आली, त्यांच्यातल्या एकानं विचारलंच, "धाबं नाई घातलं? पैसा पुरला नाई वाट्टे." बाबाराव त्याच्यावर असे धावून गेले, की पंचफुलाबाईलाच मधे पडावं लागलं.

त्याच हिवाळ्यात आनंदाबाईनं बाजेवर बसल्या बसल्या नवऱ्याला निक्षून सांगितलं, की धाबं हलकं केल्याशिवाय मी या घरात पाय टेकणार नाही. महादेवराव आधी पूर्वजांचं नाव घेऊन कुरकुरले, मग वस्तीत स्वतः आले. पंचफुलाबाईच्या टोळीनं आजाच्या थरापर्यंतची माती खाली उतरवली, रोख मजुरीनं. घराण्याला काही उतरती कळा लागली नाही. उलट लेकाची सोयरीक त्याच साली जुळली.

पुढच्या वर्षीची गोष्ट. कापूस फुटला होता. रविवार होता, सकाळची वेळ. पंचफुलाबाई रामाजी आणि इतर बायांबरोबर वावरात कापूस वेचत होती आणि वस्तीतली सगळी लेकरं विहारात प्रेमदास मास्तरासमोर बसलेली होती. तिच्या पायाखाली जमीन घरघरली. मागच्या खेपेपेक्षा मोठी, लांबलेली. पऱ्हाट्या आपोआप डोलल्या. तिनं कमरेची ओटी सोडून दिली, वेचलेला कापूस तिथंच सांडला, आणि ती पळत सुटली.

वस्तीच्या दिशेनं धूळ उठली होती. विहाराच्या जागेवरच उठली होती. धावता धावता तिला दिसलं, की विहाराची तिच्याकडची अख्खी भिंत नाही. होती तिथं धुळीचा लोट होता. माती नको म्हटलं, धाबं नको म्हटलं, खांब लावले, आणि तरीही? तरीही मीच मारली का लेकरं? ती धावत राहिली, ठेचकाळली, उठली, पुन्हा धावली. मागून रामाजी धावत होता, इतर बाया धावत होत्या.

धूळ खाली बसू लागली.

भिंत बाहेरच्या अंगाला पडली होती, रस्त्यावर आडवी. आणि छप्पर उभं होतं. चार-दोन कवेलू घसरले होते, बाकीचे जागेवर. बाभळीच्या खांबांनी तुळया धरून ठेवल्या होत्या. त्या छपराखाली पोट्टे होते, जिथल्या तिथं, धुळीनं पांढरे झालेले, पाट्या छातीशी धरलेले, तोंडं उघडी. मास्तर एका खांबाला मिठी मारून उभा. बाबाराव दर रविवारी कोपऱ्यात बसून ऐकायला येत, ते नातीला पोटाशी घेऊन बसले होते, आणि भिंत नव्हती म्हणून त्या सगळ्यांना समोरून धावत येणारी पंचफुलाबाई दिसत होती.

ती आत शिरली. एकेका लेकराच्या डोक्यावरून हात फिरवू लागली, डोकं चाचपून बघू लागली, पुढचं, मग त्याच्या पुढचं. कोणालाही खरचटण्यापलीकडे काही झालं नव्हतं. शेवटच्या लेकराच्या डोक्यावर हात ठेवला आणि ती मटकन खाली बसली. मग ती जी रडली, ती भोकाड पसरून, साऱ्या वस्तीसमोर. ताठ मानेची मुकादमीण अशी रडताना कोणी कधी पाहिली नव्हती. लेकरं घाबरून तिच्याकडे बघत राहिली.

बाबाराव गुडघ्यांवर हात टेकत उठले, तिच्याजवळ आले. पडलेल्या भिंतीकडे बोट दाखवून ते कसेबसे म्हणाले, "पंचफुले, भिंत गेली ना वं."

तिनं पदरानं नाक पुसलं आणि म्हणाली, "जाऊ द्या जी. भिंत उद्या बांधू."